हाइसन, म्हणजे नाव असणे

मैलापूर, ३ जून २०२५, मंगळवार

चि. रंजनी,

आशीर्वाद गृहीत धर.

तुझ्या आईनं काल सकाळी कॉफी गाळता गाळता तुझा निरोप दिला. दोन वर्षं आणि तेवीस दिवसांनी तुला माझ्याकडून काहीतरी हवं आहे, आणि ते म्हणजे एक कागद.

“अप्पांचं प्रतिज्ञापत्र पाहिजे म्हणते,” ती म्हणाली. “अठरा जुलैला तिकडच्या रजिस्ट्रार कचेरीत लग्न आहे. चार जुलैच्या आत कागद जर्मनीत, कासलला पोचायला हवा.”

“कुणाचं लग्न?”

“माझं नव्हे. माझं एकदा झालंय, तेवढं पुरे.”

तुझी आई घरच्या तंजावरी बोलीत बोलते आणि दर तिसरा शब्द तमिळ घालते. मी इथं सगळं शुद्ध करून लिहितो आहे.

तर मुलीचं लग्न ठरल्याची बातमी मला अशी कळली. मुलगा देवेश, पुण्याचा, गिअरबॉक्सच्या कारखान्यात इंजिनिअर. तुझ्या मराठीला तो हसतो म्हणे. हसू दे. मी ही पुस्तकी मराठी लझ कॉर्नरच्या पदपथावरून विकत आणलेल्या पुस्तकांतून शिकलो. मला कुणी हसलं नाही, कारण मी ती कुणाशी बोललोच नाही.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, मान्य. टपालाला ती सोय नाही. आणि देवनागरीत लिहितो, कारण तुला देवनागरी आली ती माझ्या क्रियापदांच्या वहीतून. शाळेत तू तमिळ वाचलंस, इंग्रजी वाचलंस. जर्मन उच्चार नीट टिपता यावेत म्हणून मी तुला क ख ग शिकवला. मराठी घरात मराठी लिपी जर्मनचं बोट धरून आली, असं दुसरं घर मैलापुरात नसेल.

अडचण काय आहे ते मी आईकडून बारकाईनं समजून घेतलं. जन्मदाखल्यावर तू नुसती रंजनी, आणि बापाचं नाव राघोत्तम राव. शाळेच्या कागदांवर तू आर. रंजनी. पासपोर्टवर रंजनी राघोत्तम, म्हणजे राघोत्तम हे आडनाव. तिथल्या कचेरीतल्या बाईला प्रश्न पडला, मुलीचं आडनाव राघोत्तम तर बापाचं राव कसं? हा बाप तोच कशावरून? चेन्नईत हा प्रश्न कुणाला पडत नाही. इथं बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पोराच्या नावाआधी लागतं आणि त्यावर सबंध आयुष्य निघून जातं. तिकडे आडनावाशिवाय कुणी दारात उभं करत नाही. म्हणून या तिन्ही नावांची मुलगी एकच, आणि ती माझी, असं मी शपथेवर लिहून द्यायचं आहे.

गोष्ट नावाची आहे, तेव्हा क्रियापदापासूनच सुरुवात करतो.

heißen. माझ्या वहीतलं पहिलं क्रियापद. पानावर तीन रकाने आहेत, तुला ते पाठ आहेत: वर्ण, अर्थ, उच्चार. वर्ण: एच, ई, आय, मग ते पोट सुटलेलं अक्षर, मग ई, एन. अर्थ: नाव असणे. आपल्याकडे ‘माझं नाव अमुक आहे’ असं म्हणतात. नाव ही वस्तू, ती माझ्याजवळ आहे, छत्रीसारखी. जर्मन माणसाचं तसं नाही. त्याच्या भाषेत ती क्रिया आहे. ती त्याला स्वतः करावी लागते, विचारील त्याच्यासमोर. उच्चार: हाइसन.

हे पान मी १९९५ साली पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिसऱ्या रकान्यात ‘हाइबन’ होतं. पदपथावरच्या त्या जर्मन पुस्तकाची पहिली बारा पानं फाटलेली होती आणि उच्चाराचे नियम त्याच बारा पानांत असणार. ते अक्षर मला इंग्रजी बी वाटलं. अंबत्तूरच्या कारखान्यात स्टोअरच्या जाळीमागे मशीनची जर्मन मॅन्युअलं लावून ठेवत मी तीन वर्षं स्वतःशी ‘इख हाइबे राघोत्तम’ म्हणत होतो. मग एक जर्मन फिटर मशीन बसवायला आला. मी त्यालाही तेच म्हटलं. तो हसला नाही. त्यानं खडू घेतला, मशीनच्या अंगावर ते अक्षर काढलं आणि शेजारी दोन एस काढले. मी त्याच दुपारी वही दुरुस्त केली.

चूक दाखवली की दुरुस्त करायची, यात अपमान कसला? हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत आलो. तुझ्या बाबतीत ते लागू झालं तेव्हा मात्र तू घर सोडलंस.

प्रतिज्ञापत्राला माझी ना नाही. पण मसुदा नीट हवा, आणि त्याआधी काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात.

तुझं पासपोर्टवरचं आडनाव,
राघोत्तम

मैलापूर, १२ जून २०२५, गुरुवार

चि. रंजनी,

दहा दिवसांत तुझ्या आईनं अकरा वेळा विचारलं, “वकिलाकडे गेलात का?” अकराव्या वेळी तिनं डोशाचा तवा असा आपटला की पुढच्या खोलीतल्या माझ्या जर्मनच्या वर्गातल्या पोरींनी दारातून डोकावून पाहिलं. वर्ग म्हणजे तिघी. त्यातली एक फक्त व्याकरणाला येते. “बोलायचं मी मोबाइलवर शिकते, सार,” असं तिनं मला तोंडावर सांगितलं. आदरानं सांगितलं, हे कबूल करायला हवं.

आई म्हणते, हा घोळ तुमचाच. पासपोर्टच्या वेळी सगळे लावतात तसं ‘राव’ लावलं असतं तर आज ही वेळ आली नसती. तेव्हाही ती हेच म्हणाली होती. मी तेव्हा सांगितलं ते आजही सांगतो: राव ही पदवी आहे, नाव नव्हे. तंजावरला आपल्या कुणा पूर्वजाला कुणी ती दिली असेल. पोरीला कुणी दिलेली नाही. फॉर्मवर आडनावाच्या रकान्यात खरं ते लिहायचं. खरं म्हणजे तुझ्या नावाआधी जे अक्षर होतं ते, आणि ते माझं होतं. मी बरोबर होतो. बरोबर असल्यामुळे पुढे कुणाचं अडलं, तर तो बरोबर असण्याचा दोष नाही.

“तुमच्या बरोबर असण्याचं एक मंदिर बांधू या,” आई म्हणाली. “मी रोज दिवा लावीन. आता वकिलाकडे जा.”

आता ज्या गोष्टीबद्दल आपण बोलत नाही, ती.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या जर्मन रुग्णालयातल्या नोकरीच्या अर्जाची प्रत टेबलावर होती. उघडी. मी वाचली. ‘जर्मन भाषा: दोन वर्षं’, आणि पुढे पेरुंगुडीच्या काचेच्या इमारतीतल्या त्या संस्थेचं नाव. दोन वर्षं! तू तिथं चार महिने गेलीस. सप्टेंबर ते डिसेंबर २०२२, मंगळवार आणि शुक्रवार, आणि घरी सांगितलंस की फिजिओथेरपीचा जादा वर्ग असतो. त्याआधी तीन वर्षं तू रोज सकाळी सहा ते साडेसात माझ्यासमोर बसत होतीस. मांडीवर उशी, उशीवर वही, एका हातात कॉफीचा डबरा-पेला. सहाशे बारा क्रियापदं झाली. ती तीन वर्षं त्या कागदावर कुठं नव्हती. ती क्रियापदं तुला पेरुंगुडीच्या लिफ्टमध्ये सापडली असावीत.

मी त्या रुग्णालयाला एक ई-मेल पाठवला. चार वाक्यं. तुझ्याविरुद्ध त्यात एक शब्द नाही, फक्त वर्षांची दुरुस्ती आहे. व्याकरणाची चूक तर तू भिंग घेऊन बसलीस तरी सापडणार नाही. त्यावरून तुझा करार दोन महिने अडकवतील याची मला कल्पना नव्हती. कागदाच्या बाबतीत ते लोक इतकं ताणतात हे मला कोण सांगणार? मी हे तेव्हाही सांगितलं. तू ऐकून न घेता आवडी उपनगरात मावशीच्या क्वार्टर्समध्ये गेलीस आणि तिथूनच ऑगस्टमध्ये विमानतळावर. त्या तीन महिन्यांत तुझा एकच निरोप आला: “अप्पांना सांग, त्यांना हवी ती दुरुस्ती झाली.”

मावशीच्या तोंडून तो निरोप ऐकताना माझ्या हातात भाजीची पिशवी होती. तिला वाटलं मी काही बोलेन. मी विचारलं, आवडीला वांगी कशी आहेत.

तर माझं म्हणणं असं. एका कागदावर, तुझ्या हातानं, एक वाक्य लिही: माझं जर्मन मला माझ्या वडिलांनी शिकवलं. भाषा कुठलीही चालेल. खाली सही आणि तारीख. फोटो काढून आईच्या फोनवर पाठव. ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी गुरुराजकडे जाईन. गुरुराज म्हणजे तलावाजवळच्या गल्लीतला नोटरी, ज्यानं तुझे शाळेचे दाखले साक्षांकित केले होते आणि प्रत्येक वेळी तुला लिमलेटची गोळी दिली होती.

याला सौदा म्हणू नकोस. तू माझ्याकडे खरं लिहून मागतेस. मीही तुझ्याकडे खरंच लिहून मागतो.

राघोत्तम

मैलापूर, २६ जून २०२५, गुरुवार

रंजनी,

टपाल खात्याच्या संकेतस्थळावर माझं पत्र सोमवारी २३ तारखेला, तिथल्या वेळेनं सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तुला पोचल्याची नोंद आहे. आज गुरुवार. एक वाक्य लिहायला तीन दिवस लागत नाहीत. जर्मनमध्ये त्याचे सात शब्द होतात, मी मोजले.

घरात शांतता आहे. तुझी आई मंगळवारपासून विचारायची थांबली. काल मी वर्ग घेत असताना “देवळात जाऊन येते” म्हणून गेली ती दोन तासांनी आली. मी विचारलं, “एवढा वेळ?” “रांग होती,” म्हणाली, आणि पदर खोचून कामाला लागली. मला वाटतं तिनं माझ्यापुढे हात टेकले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

तू म्हणशील, अप्पांना ते एक वाक्य एवढं का हवं आहे. तुला कारण माहीत आहे. पण तू ते तुझ्या बाजूनं पाहिलंस, मी माझ्या बाजूनं लिहितो.

मार्च २०२२. अनन्याची मुलाखत. माझ्या वर्गातून जर्मन रुग्णालयाच्या मुलाखतीपर्यंत पोचलेली पहिली नर्स. स्टुलावर शब्दकोश, शब्दकोशावर लॅपटॉप, अनन्या ताठ बसलेली, मागं सतरंजीवर बाकीच्या अकरा पोरी, दाराशी तू. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईनं पंखा बंद केला होता, आवाज येऊ नये म्हणून. पडद्यावर एक बाई आल्या. मी ठरवलं होतं की शिक्षकानं आधी विद्यार्थिनीची ओळख करून द्यायची. मी म्हटलं, “माइने श्यूलरिन हाइस्ट अनन्या.” माझ्या विद्यार्थिनीचं नाव अनन्या. चार शब्द.

बाई म्हणाल्या, “वी बिट्टे?” म्हणजे, काय म्हणालात?

मी पुन्हा म्हटलं. जरा मोठ्यानं.

“वी बिट्टे?”

तिसऱ्यांदा मी एकेक शब्द सुटा करून म्हटला, बहिऱ्या माणसाला सांगावं तसा. बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे नेट नीट चालत नाही का? माझ्या मानेवरून घाम शर्टाच्या आत उतरत होता. आणि मग दारातून तुझा आवाज आला. तेच चार शब्द. त्याच क्रमानं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

“आख सो!” बाई हसल्या. अच्छा, असं होय. आणि पुढची पस्तीस मिनिटं त्या तुझ्याशी बोलल्या.

माझं जर्मन तू जर्मनमध्ये भाषांतरित केलंस, रंजनी. माझ्या अकरा विद्यार्थिनींसमोर. अनन्याला नोकरी मिळाली. मैसूरपाकाचा डबा घेऊन ती आली, तो तिनं आधी तुझ्या हातात दिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सार, तुम्हीपण घ्या.” तीन महिन्यांत वर्ग निम्मा झाला. ज्या उरल्या त्या अडलं की माझ्याकडे नव्हे, स्वयंपाकघराच्या दिशेनं बघायच्या, तू तिथं असशील म्हणून.

मी तुला तेव्हा विचारलं, माझ्या वाक्यात चूक काय होती? तू खरं बोललीस. खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, “अप्पा, तुमचं सगळं बरोबर असतं. फक्त तसं कुणी बोलत नाही.”

त्यानंतर मी काय केलं ते तुला माहीत नाही. तू कॉलेजला गेलीस की मी तुझे इअरफोन लावून त्या एका क्रियापदाची रेकॉर्डिंगं ऐकत बसायचो. बायकांच्या आवाजात, पुरुषांच्या आवाजात, एका लहान मुलीच्या आवाजात. हाइसन, हाइसन, हाइसन. मग मी म्हणायचो. मग ते. मग मी. तू म्हणायचीस की शेवटचा स्वर गिळायचा असतो. किती गिळायचा ते देवनागरीत लिहिता येईना. आणि खरी गोष्ट, जी लिहायला मला तीन वर्षं लागली, ती ही की मला फरक ऐकूच येत नव्हता. त्यांचं आणि माझं माझ्या कानाला सारखंच लागत होतं. चूक दाखवली की दुरुस्त करायची, हे मी शिकवतो. पण मला दिसत नसलेली, ऐकू येत नसलेली चूक मी कुठल्या रकान्यात दुरुस्त करू?

हे तुला कळवळा यावा म्हणून लिहीत नाही. तू पेरुंगुडीला का गेलीस हे मला कळलेलं आहे, एवढं नोंदवतो. गेलीस ते गेलीस. पण तिथं जायच्या आधी तू कुणाकडून आली होतीस, ते त्या अर्जावर एका ओळीत मावलं असतं.

चार जुलैला आठ दिवस उरलेत. कुरिअरला चार लागतात. हिशेब तुलाही येतो.

राघोत्तम

मैलापूर, १ जुलै २०२५, मंगळवार

रंजनी,

काल मी गुरुराजकडे गेलो. तुझं वाक्य आलं नव्हतं, तरी गेलो. चार जुलैची तारीख कॅलेंडरवरून माझ्याकडे बघत होती आणि उगीच माझ्यामुळे लग्न अडलं असं व्हायला नको होतं. मसुदा मी स्वतः तयार करून नेला होता. तीन पानं.

गुरुराजनं चष्मा कपाळावर चढवला. “राघोत्तमा, हे काय आहे?”

“प्रतिज्ञापत्र.”

“यात ‘राव’ या पदवीचा इतिहास आहे. तुझ्या कारखान्यातल्या कुणा फिटरचा उल्लेख आहे. मुलगी कुणाकडे किती वर्षं शिकली तेही आहे, महिन्यांसकट. अरे, त्या जर्मन बाईला एवढंच विचारायचंय, की ही पोर तुझी का?”

“हो.”

“मग ‘हो’ लिही की!”

त्यानं लाल पेनानं दोन पानं आडवी छाटली आणि तिसऱ्यावर चार ओळी ठेवल्या. मी म्हटलं, त्यातली दुसरी ओळ भाषेच्या दृष्टीनं ढिली आहे. तो म्हणाला, “सही कर. ओळ ढिली असली तरी शिक्का घट्ट बसतो.” मी सही केली. शिक्का बसला. कागद ऊन खाऊन आल्यासारखा गरम वाटत होता, पण तो माझा हात असेल.

कुरिअरच्या आधी आधार कार्डाची प्रत घ्यायला घरी आलो. तुझी आई केळफूल निवडत बसली होती. बोटं काळी पडू नयेत म्हणून तेल लावलेलं. मी कागद तिच्यासमोर ठेवला.

“घे. तू जिंकलीस.”

तिनं हात पुसले, कागद धरला, वाचला. “चांगला झालाय,” म्हणाली. “पण मी पाठवलं.”

“काय पाठवलंस?”

“माझं. गेल्या बुधवारी, तुम्ही वर्ग घेत होता तेव्हा. गुरुराजकडे नाही गेले, त्यानं तुम्हाला सांगितलं असतं. लझजवळ एक बाई नोटरी आहे, तिच्याकडून केलं आणि तिथूनच कुरिअर. पोचलं. चाललंसुद्धा.”

“तुझं कसं चालेल? नाव माझं आहे.”

“पोर माझीपण आहे ना?”

मी म्हटलं, जर्मन लोक असं कसंही घेत नाहीत. तेव्हा तिनं फोन उघडून माझ्यासमोर धरला. तू पाठवलेली कागदपत्रांची जर्मन यादी. गेला महिनाभर ती मला ती दाखवायला बघत होती आणि मी म्हणत होतो, तिचं काही मला दाखवू नकोस, काय ते तोंडानं सांग. काल मी ती पाहिली. एकच पान. सातवा मुद्दा. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाचं प्रतिज्ञापत्र.

शब्दकोश काढावा लागला नाही. तीस वर्षं मी परक्या माणसांच्या मशिनींचे, परक्या पोरींच्या नोकऱ्यांचे जर्मन कागद वाचतो आहे, स्वल्पविरामासकट. माझ्या मुलीच्या लग्नाचा कागद एक महिना या घरात होता, भिंतीपलीकडे, आणि मी तो वाचला नाही.

“मग तिनं माझं का मागितलं?” मी विचारलं.

आई पुन्हा केळफुलाकडे वळली होती. एकेक फूल उघडून आतली कडक काडी काढून टाकायची, ते काम असं आहे की वर बघायला लागत नाही. “मीही तेच विचारलं तिला, पहिल्याच दिवशी. म्हटलं, माझं घे, संध्याकाळपर्यंत करते. तर म्हणाली, ‘नको, आधी अप्पांना विचार.’”

मी माझा कागद उचलून घेतला.

“तीन आठवडे थांबली,” आई म्हणाली. “मी रोज सांगायची, देतील गं, मसुदा करताहेत. मग तुमचं ते पत्र पोचलं, एक वाक्य मागणारं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. ‘आई, तूच कर.’ एवढंच. रडली नाही. मी रडले.”

मी विचारू नये ते विचारलं. लग्नानंतर नाव कुठलं लावणार?

“राघोत्तमच ठेवते म्हणाली. बॅजवर तेच, बँकेत तेच, भाडेकरारावर तेच. बदलायला गेलं तर पुन्हा कागद, पुन्हा तुम्ही. तिला तेवढा वेळ नाही.”

हे तिनं मला टोचायला सांगितलं नसावं. पण तुझ्या आईनं टोचायचं ठरवलं असतं तर तिला याहून चांगलं सुचलं नसतं.

आता माझ्या कागदाचं कुणालाही काम नाही. तो सोबत पाठवतो. आणि जे सांगून मला आता काही मिळणार नाही, तेही सोबत पाठवतो.

१२ जूनच्या पत्रात मी लिहिलं की तुझा करार अडकेल याची मला कल्पना नव्हती. ते खोटं आहे. तुझ्या अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलं होतं की माहितीत तफावत आढळल्यास करार स्थगित केला जाईल. ते मी वाचलं होतं. दोनदा वाचलं. एक दिवस मध्ये जाऊ दिला. मग ई-मेल लिहिला. मला तू अडकायला हवी होतीस, रंजनी. कायमची नाही. थोडीशी, एवढी की तुला कुणाला तरी विचारावं लागेल आणि विचारायला मी सोडून कुणी नसेल. तू विचारायला आली नाहीस. आवडीला गेलीस.

आणि दोन वर्षांनी, तुला गरज नसताना, आईचं चालत असताना, तू मला विचारलंस. मी तुझ्याकडून सही आणि तारखेसकट एक वाक्य मागितलं.

ते वाक्य आता पाठवू नकोस. पाठवलंस तर मी ते तपासत बसेन.

अठराला शुक्रवार आहे. तुमचे सकाळचे अकरा म्हणजे इथले दुपारचे अडीच. आई म्हणाली, आतल्या खोलीत बसून ती फोनवर सगळं बघणार आहे, देवेशचा मित्र तिकडून दाखवणार आहे. मला कुणी बोलावलेलं नाही, आणि मी कुणाला म्हणणारही नाही. तिघींचा वर्ग मी त्या दिवशी सकाळी घेतो आहे. दुपारी पुढच्या खोलीत माझं मी काहीतरी वाचत बसेन. मधलं दार तेवढं उघडं ठेव, असं तिला सांगितलंय. जुलैत इथं फार उकडतं.

राघोत्तम